गर्भपाताच्या गोळ्या : नऊ आठवड्यांचा हिशेब आणि स्त्रीची स्वतःची सही

आरोग्य प्रतिनिधी

देशात २०१५ या एका वर्षात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, असा अंदाज देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या सहभागाने झालेल्या एका अभ्यासात मांडण्यात आला होता. ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, त्यांपैकी जवळजवळ ७३ टक्के गर्भपात रुग्णालयाबाहेर, केवळ गोळ्या घेऊन झाले होते. रुग्णालयांत व दवाखान्यांत झालेल्या गर्भपातांचे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होते.

याचा सरळ अर्थ असा, की या निर्णयाला सामोऱ्या जाणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांच्या हाती गोळ्यांचे पाकीट पडते, पण त्यासोबतची माहिती पडत नाही. गोळी कोणत्या दिवसापर्यंत चालते, कोणाला चालत नाही, किती रक्तस्राव नेहमीचा आणि किती धोक्याचा, नवऱ्याची सही लागते का, हे प्रश्न मैत्रिणीला किंवा औषध दुकानदाराला विचारले जातात आणि उत्तरेही ऐकीवच मिळतात. योग्य वेळी, योग्य तपासणीनंतर घेतलेल्या या गोळ्या सुरक्षित आहेत. धोका निर्माण होतो तो उशिरामुळे आणि अर्धवट माहितीमुळे. म्हणूनच गर्भपाताचा विचार करणाऱ्या स्त्रीला, आणि तिच्या सोबत उभे राहणाऱ्या माणसालाही, आवश्यक असलेली माहिती येथे एकत्र देत आहोत.

दोन औषधे, दोन कामे

‘गर्भपाताची गोळी’ असे आपण म्हणत असलो, तरी ही औषधे दोन आहेत. पहिले मिफेप्रिस्टोन. गर्भधारणा टिकून राहण्यासाठी शरीराला प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची गरज असते. मिफेप्रिस्टोन त्या संप्रेरकाचे काम रोखून धरते. त्यामुळे गर्भाशयाचे अस्तर सुटू लागते आणि गर्भाची वाढ थांबते. दुसरे औषध मिसोप्रोस्टॉल. ते गर्भाशयमुख मऊ करते आणि गर्भाशयाला कळा आणते. त्या कळांमुळे गर्भ व अस्तर रक्तस्रावावाटे बाहेर पडतात.

मिफेप्रिस्टोन १९८० च्या सुमारास फ्रान्समध्ये तयार झाले आणि १९८८ मध्ये तेथेच त्याच्या वापराला प्रथम परवानगी मिळाली. मिसोप्रोस्टॉल हे मुळात जठराच्या व्रणावरचे औषध. भारतात मिफेप्रिस्टोनला २००२ मध्ये मान्यता मिळाली. २००८ मध्ये दोन्ही औषधे एकाच पाकिटात विकण्यास परवानगी देण्यात आली. या पाकिटात मिफेप्रिस्टोनची २०० मिलिग्रॅमची एक आणि मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या चार गोळ्या असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये या दोन औषधांचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला.

येथे एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. असुरक्षित संबंधांनंतर ७२ तासांच्या आत घेतली जाणारी गोळी आणि गर्भपाताच्या गोळ्या या पूर्णपणे वेगळ्या आहेत. पहिली गोळी गर्भधारणा होऊ नये म्हणून घेतली जाते. दिवस गेलेले असतील तर तिचा काहीही उपयोग होत नाही. पाळी चुकल्यानंतर ती गोळी घेऊन वाट पाहत बसणाऱ्या स्त्रीचे मोलाचे दिवस वाया जातात.

दिवस कसे मोजावेत?

भारतात गोळ्यांद्वारे गर्भपाताला नऊ आठवड्यांपर्यंत, म्हणजे ६३ दिवसांपर्यंत मान्यता आहे. हे दिवस संबंध आले त्या तारखेपासून किंवा पाळी चुकली त्या तारखेपासून मोजायचे नसतात, तर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे असतात. सर्वाधिक घोटाळा होतो तो येथेच.

एक उदाहरण पाहू. एखाद्या स्त्रीची शेवटची पाळी १ जून रोजी सुरू झाली, तर तिचे नऊ आठवडे ३ ऑगस्टला पूर्ण होतात. पुढची पाळी २९ जूनच्या सुमारास यायला हवी होती. ती आली नाही हे लक्षात आले, तेव्हाच चार आठवडे संपलेले असतात. ‘आणखी आठवडाभर वाट पाहू’ म्हणत जुलै अर्धा सरला, की हातात जेमतेम तीन आठवडे उरतात. त्यातच डॉक्टर शोधणे, तपासण्या करणे आणि निर्णय घेणे असते. म्हणून पाळी आठवडाभर लांबल्यास लघवीची चाचणी करून घ्यावी आणि ती पॉझिटिव्ह आल्यास, गर्भ ठेवायचा असो वा नसो, लगेच डॉक्टरांकडे जावे.

ज्यांची पाळी अनियमित आहे, ज्या बाळाला अंगावर पाजत आहेत आणि बाळंतपणानंतर ज्यांची पाळी अद्याप सुरूच झालेली नाही, त्यांना तारखेवरून अंदाज येत नाही. अशा वेळी डॉक्टर पोटाची व आतून तपासणी करतात आणि शंका असल्यास सोनोग्राफी करण्यास सांगतात. प्रत्येक स्त्रीला सोनोग्राफी करावीच लागते असे नाही; परंतु दिवसांबद्दल किंवा गर्भाच्या जागेबद्दल शंका असेल, तर ती टाळू नये.

गोळ्या कोणाला चालत नाहीत?

सर्वांत महत्त्वाची शंका गर्भाच्या जागेची असते. शंभरातील एखाद-दोन गर्भधारणांमध्ये गर्भ गर्भाशयात न रुजता बाहेर, बहुधा गर्भनलिकेत रुजतो. अशा गर्भावर या गोळ्यांचा परिणाम होत नाही. गर्भ वाढत राहिल्यास नलिका फुटून पोटात रक्तस्राव होतो आणि जिवावर बेतते. गोळ्यांनंतर होणारी पोटदुखी आणि नलिका फुटल्याची पोटदुखी यांतला फरक घरच्या घरी ओळखणे अवघड असते. आधी तपासणी का हवी, याचे हे सर्वांत मोठे कारण होय.

याखेरीज ज्यांना तीव्र रक्तक्षय आहे, रक्त न गोठण्याचा विकार आहे किंवा ज्या रक्त पातळ करणारी औषधे घेत आहेत, ज्यांना अधिवृक्क ग्रंथींचा जुना विकार आहे, ज्या दीर्घकाळ स्टिरॉइड घेत आहेत, ज्यांना पॉर्फिरिया हा आनुवंशिक विकार आहे किंवा या औषधांची ॲलर्जी आहे, त्यांना या गोळ्या दिल्या जात नाहीत किंवा रुग्णालयातच विशेष देखरेखीखाली द्याव्या लागतात. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, तीव्र दमा किंवा फिट्स येत असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. तांबी बसवलेली असताना दिवस गेले असतील, तर आधी तांबी काढावी लागते. पूर्वी सिझेरियन झालेल्या स्त्रीला गोळ्या घेता येतात, मात्र ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये.

रक्तक्षयाचा मुद्दा महाराष्ट्रात विशेष महत्त्वाचा आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील १५ ते ४९ या वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. गोळ्यांनंतरचा रक्तस्राव सशक्त स्त्रीला सहज सोसतो. हिमोग्लोबिन आधीच खालावलेल्या स्त्रीला तो सोसेलच असे नाही. त्यामुळे गोळ्या घेण्यापूर्वी हिमोग्लोबिन व रक्तगट तपासून घ्यावा. रक्तगट आरएच निगेटिव्ह असल्यास अँटी-डी इंजेक्शनची गरज आहे का, हेही डॉक्टरांना विचारावे.

कायदा काय म्हणतो?

भारतात गर्भपात बेकायदा आहे, असा समज आजही अनेक सुशिक्षित घरांत आढळतो. तो चुकीचा आहे. वैद्यकीय गर्भपात कायदा १९७१ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. २०२१ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली व ती २४ सप्टेंबर २०२१ पासून लागू झाली. त्यानुसार २० आठवड्यांपर्यंतच्या गर्भपातासाठी एका पात्र डॉक्टरांचे मत पुरेसे असते. २० ते २४ आठवड्यांदरम्यान ठरावीक गटांतील स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. या गटांत बलात्कारपीडित, अल्पवयीन, अपंग, गर्भारपणात विधवा झालेल्या वा घटस्फोटित स्त्रिया इत्यादींचा समावेश आहे. २४ आठवड्यांनंतर गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळ निर्णय देते.

मात्र केवळ मागणी केली म्हणून गर्भपात, अशी या कायद्याची रचना नाही. स्त्रीच्या जिवाला किंवा शारीरिक वा मानसिक आरोग्याला गंभीर अपाय होण्याची शक्यता, गर्भातील व्यंग, बलात्कारातून झालेली गर्भधारणा किंवा गर्भनिरोधक साधन अयशस्वी ठरणे, यांपैकी कारण असल्याचे मत डॉक्टरांनी प्रामाणिकपणे बनवावे लागते. गर्भनिरोधक अयशस्वी ठरण्याचे कारण पूर्वी ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ यांच्यापुरतेच मर्यादित होते. २०२१ च्या दुरुस्तीने तेथे ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत विवाहित व अविवाहित असा भेद करता येणार नाही, असा निर्णय दिला आणि २० ते २४ आठवड्यांची तरतूद अविवाहित स्त्रियांनाही लागू असल्याचे स्पष्ट केले.

सही कोणाची?

स्त्री १८ वर्षे पूर्ण झालेली आणि सज्ञान असेल, तर गर्भपातासाठी केवळ तिचीच लेखी संमती लागते. पतीची, सासूची, वडिलांची किंवा अन्य कोणाचीही सही कायद्याने आवश्यक नाही. तरीही अनेक ठिकाणी ‘मिस्टरांना घेऊन या’ असे सांगितले जाते. ती त्या रुग्णालयाची स्वतःची पद्धत असू शकते, कायद्याची अट नव्हे. या एका वाक्यापायी कित्येक स्त्रिया परत फिरतात आणि नऊ आठवड्यांची मर्यादा ओलांडून बसतात. अशा वेळी शांतपणे संमतीपत्र ‘क’ मागावे. त्यावर सही स्त्रीचीच असते.

मुलगी १८ वर्षांखालील असेल किंवा स्त्री मनोरुग्ण असेल, तर पालकांची लेखी संमती लागते. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत ‘पोक्सो’ कायद्यानुसार डॉक्टरांना पोलिसांना कळवावे लागते. परंतु मुलीने व पालकांनी विनंती केल्यास तिचे नाव व ओळख उघड न करता ही माहिती देता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या त्याच निर्णयात म्हटले आहे. पोलिसांच्या धास्तीने मुलीला अपात्र माणसाकडे नेण्यापूर्वी पालकांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. स्त्रीची इच्छा नसताना, फसवून किंवा दडपणाखाली तिचा गर्भपात घडवणे हा भारतीय न्याय संहितेनुसार गंभीर गुन्हा असून त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. चहातून, दुधातून गोळी देणे असो की ‘आत्ता नको’ म्हणून गळ्यात मारणे असो, ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार तिचाच आहे. डॉक्टरांशी काही वेळ एकटीने बोलण्याची मागणी ती करू शकते.

गोपनीयतेलाही कायद्याचे संरक्षण आहे. गर्भपात केलेल्या स्त्रीचे नाव वा तपशील अधिकार नसलेल्या व्यक्तीस सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

डॉक्टर कोण, गोळ्या कोठे मिळतील?

नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्या लिहून देणारे डॉक्टर आधुनिक वैद्यकशास्त्राचे पदवीधर व नोंदणीकृत असावे लागतात. स्त्रीरोगतज्ज्ञ तर या गोळ्या देऊ शकतातच. पण रुग्णालयात स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राचा किमान तीन महिन्यांचा अनुभव असलेले किंवा देखरेखीखाली गोळ्यांद्वारे दहा गर्भपात हाताळलेले एमबीबीएस डॉक्टरही पात्र ठरतात. आयुर्वेद, होमिओपॅथी वा युनानीच्या डॉक्टरांना या कायद्याने ही परवानगी दिलेली नाही. डॉक्टर आपल्या दवाखान्यातून गोळ्या देऊ शकतात, मात्र गरज पडल्यास रुग्णाला हलवण्यासाठी मान्यताप्राप्त गर्भपात केंद्राची सोय असल्याचे प्रमाणपत्र त्यांनी दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. खासगी केंद्राकडेही सरकारी मान्यतेचे प्रमाणपत्र असते. ते पाहण्याचा आग्रह धरण्यात संकोच बाळगू नये. सरकारी रुग्णालयांमध्येही गर्भपाताची सेवा उपलब्ध असते.

या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. महाराष्ट्रात तर चिठ्ठी असूनही त्या मिळणे कठीण होते, असा अनुभव आहे. २०१२ मध्ये बीड जिल्ह्यातील परळी येथील बेकायदा गर्भपातांचे प्रकरण उघडकीस आल्यानंतर या गोळ्यांच्या विक्रीवर कडक नजर ठेवली जाऊ लागली आणि अनेक दुकानदारांनी नसती चौकशी नको म्हणून त्या ठेवणेच बंद केले. वास्तविक लिंगनिदानाशी या गोळ्यांचा संबंध जोडणे शास्त्राला धरून नाही. सोनोग्राफीत गर्भाचे लिंग साधारण १२ आठवड्यांनंतरच कळू शकते आणि गोळ्यांची मुदत नवव्या आठवड्यात संपते. मुलगी नको म्हणून होणारा गर्भपात त्याहून पुढच्या महिन्यांत, अन्य मार्गांनी होतो आणि लिंगनिदान हा १९९४ च्या कायद्याने गुन्हाच आहे.

दुकानात गोळी मिळत नाही म्हणून ओळखीतून, दुप्पट-तिप्पट पैसे मोजून, पाकीट फोडून सुट्या दिलेल्या गोळ्या घेणे मात्र धोक्याचे आहे. त्या कोणत्या, किती ताकदीच्या आणि मुदत संपलेल्या तर नाहीत, हे कळायला मार्ग नसतो. काही वेळा केवळ मिसोप्रोस्टॉल हाती दिले जाते. एकट्या त्या औषधाने गर्भपात पूर्ण होण्याची खात्री दोन्ही औषधांपेक्षा कमी असते. त्यापेक्षा डॉक्टरांनी स्वतःच्या केंद्रातून गोळ्या द्याव्यात, असे विचारणे श्रेयस्कर.

पहिला, तिसरा आणि पंधरावा दिवस

सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये तीन दिवस महत्त्वाचे मानले आहेत. पहिल्या दिवशी तपासणी व समुपदेशन होते, संमतीपत्रावर सही होते आणि मिफेप्रिस्टोनची गोळी पाण्याबरोबर गिळायची असते. बहुतेक स्त्रियांना त्या दिवशी फारसा त्रास होत नाही. त्या नेहमीची कामे करू शकतात. काहींना मळमळ होते, थोडे रक्त जाते. रक्त दिसले म्हणून काम झाले असे समजून दुसरे औषध टाळू नये. गोळी घेतल्यावर थोड्याच वेळात उलटी झाल्यास डॉक्टरांना कळवावे.

तिसऱ्या दिवशी मिसोप्रोस्टॉल घ्यायचे असते. किती गोळ्या आणि कशा प्रकारे, म्हणजे जिभेखाली, गालात ठेवून की योनिमार्गात, हे दिवसांनुसार डॉक्टर ठरवतात व तसे चिठ्ठीवर लिहून देतात. हे औषध दवाखान्यात किंवा डॉक्टरांच्या अनुमतीने घरी घेता येते. घरी घेणार असल्यास दिवस विचारपूर्वक निवडावा. सोबत विश्वासातील एक मोठी व्यक्ती असावी, स्वच्छतागृह जवळ असावे, रुग्णालयात नेण्यासाठी वाहन हाताशी असावे. लांबच्या प्रवासाचा, शेतातील वा कारखान्यातील कामाचा, घरी पाहुणे असण्याचा दिवस टाळावा.

पंधराव्या दिवशी फेरतपासणी असते. रक्तस्राव थांबला, बरे वाटू लागले, म्हणून अनेक जणी ही भेट टाळतात. गर्भपात पूर्ण झाला की नाही, हे त्याच भेटीत निश्चित होते.

किती रक्तस्राव, किती वेदना?

मिसोप्रोस्टॉल घेतल्यानंतर बहुधा काही तासांतच पोटात कळा येऊन रक्तस्राव सुरू होतो. तो नेहमीच्या पाळीपेक्षा अधिक असतो व त्यात रक्ताच्या गाठी पडतात. पहिले चार-सहा तास त्रास सर्वाधिक असतो. नंतर तो ओसरतो. सौम्य रक्तस्राव साधारण ८ ते १३ दिवस चालतो, काहींना त्याहून थोडे अधिक दिवस डाग पडत राहतात. थंडी वाजणे, अंग किंचित गरम होणे, जुलाब, उलटी हे मिसोप्रोस्टॉलचे अल्पकाळ टिकणारे परिणाम आहेत.

वेदना निमूट सोसण्याची गरज नाही. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी चालते व तिच्यामुळे औषधाचा परिणाम कमी होत नाही; ती डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावी. पोट शेकल्यानेही आराम पडतो. भरपूर पाणी प्यावे, हलके जेवावे. कापडाऐवजी पॅड वापरल्यास रक्तस्रावाचा अंदाज घेणे सोपे जाते.

ताबडतोब रुग्णालय गाठावे, अशी लक्षणे

सलग दोन तास, दर तासाला दोन किंवा अधिक जाड पॅड पूर्ण भिजत असतील. चक्कर येऊन शुद्ध हरपत असेल. वेदनाशामक गोळी घेऊनही पोटातील असह्य दुखणे थांबत नसेल. खांद्यात कळ येत असेल. ताप २४ तासांनंतरही उतरत नसेल किंवा योनिमार्गातून दुर्गंधीयुक्त स्राव जात असेल, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते. मिसोप्रोस्टॉल घेतल्यानंतर २४ तासांत काहीच रक्त गेले नाही, तर तेही डॉक्टरांना कळवावे.

रुग्णालयात गेल्यावर गोळ्या घेतल्याचे लपवू नये. कोणती गोळी, केव्हा घेतली हे कळल्यास उपचार लवकर व अचूक होतात. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेतल्या असतील, तरीही हे सांगणे हिताचे असते.

गोळ्यांचा परिणाम झाला नाही तर?

नऊ आठवड्यांच्या आत शंभरातील सुमारे ९५ ते ९८ स्त्रियांमध्ये गोळ्यांनी गर्भपात पूर्ण होतो. उरलेल्यांपैकी काहींमध्ये गर्भाचा काही भाग आत राहतो, तर अगदी थोड्यांमध्ये गर्भ वाढत राहतो. अशा वेळी मिसोप्रोस्टॉलची आणखी मात्रा द्यायची की गर्भाशय रिकामे करायचे, हे डॉक्टर ठरवतात. गर्भ वाढत राहिला असेल, तर तो तसाच पुढे नेण्याचा निर्णय घेण्यापूर्वी डॉक्टरांशी नीट बोलावे. मिसोप्रोस्टॉलमुळे बाळात व्यंग निर्माण होण्याची शक्यता वाढते.

येथे दोन गोष्टींमुळे विनाकारण घबराट होते. गर्भपात पूर्ण झाल्यानंतरही गर्भधारणेचे संप्रेरक शरीरातून जायला तीन-चार आठवडे लागतात. त्यामुळे आठ-दहा दिवसांत केलेली लघवीची चाचणी पॉझिटिव्ह आली, म्हणजे गर्भ राहिला असे नव्हे. तसेच सोनोग्राफीत गर्भाशयात थोड्या रक्ताच्या गाठी दिसल्या, म्हणजे लगेच ‘पिशवी साफ’ करावी लागते असेही नव्हे. रक्तस्राव बेताचा असेल आणि ताप, वेदना नसतील, तर बहुधा पुढची पाळी येईपर्यंत थांबता येते. क्युरेटिंग सुचवल्यास त्याचे कारण विचारावे.

पुढची पाळी, पुढचे मूल

‘पहिला गर्भ पाडला तर पुन्हा मूल होत नाही’ हे वाक्य आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले जाते. गोळ्यांनी सुरक्षितपणे झालेल्या गर्भपातानंतर पुन्हा गर्भधारणा होण्याची क्षमता कमी होत नाही. वंध्यत्वाचा धोका असतो तो असुरक्षित गर्भपातातून होणाऱ्या व उपचाराविना राहिलेल्या जंतुसंसर्गामुळे.

उलट, दिवस फार लवकर जाऊ शकतात. गोळ्या घेतल्यानंतर आठ-दहा दिवसांतही बीजमोचन होऊ शकते, म्हणजे पाळी येण्यापूर्वीच पुन्हा दिवस राहणे शक्य आहे. त्यामुळे गर्भनिरोधनाचा विचार पहिल्याच भेटीत व्हावा. गर्भनिरोधक गोळ्या तिसऱ्या दिवसापासून सुरू करता येतात. गर्भपात पूर्ण झाल्याची खात्री झाली, की पंधराव्या दिवशी तांबी बसवता येते. निरोध तर पहिल्या संबंधापासूनच वापरता येतो. साधारण चार ते सहा आठवड्यांत पाळी येते. ती न आल्यास तपासणी करून घ्यावी.

नऊ आठवडे उलटले असतील तर?

मुदत टळली म्हणजे सर्व मार्ग बंद झाले, असे मुळीच नाही. १२ आठवड्यांपर्यंत नळीद्वारे हवेच्या दाबाने गर्भाशय रिकामे करण्याची पद्धत उपलब्ध आहे. ही प्रक्रिया काही मिनिटांची असून बहुधा त्याच दिवशी घरी जाता येते. धातूच्या उपकरणाने गर्भाशय खरवडण्याची जुनी पद्धत वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. गोळ्यांऐवजी ही पद्धत नऊ आठवड्यांच्या आतही निवडता येते. ज्यांना पुन्हा पुन्हा दवाखान्यात येणे शक्य नाही, घरी एकांत नाही किंवा ज्यांना गोळ्या चालत नाहीत, त्यांना ती अधिक सोयीची ठरते. १२ आठवड्यांनंतरचा गर्भपात कायदेशीर असला तरी तो रुग्णालयात दाखल होऊनच करावा लागतो. मुदत उलटूनही घरी गुपचूप गोळ्या घेणे मात्र जिवावर बेतू शकते.

डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न

भेटीला जाताना पुढील प्रश्न कागदावर लिहून न्यावेत :

१. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आज नेमके किती दिवस झाले?

२. गर्भ गर्भाशयातच असल्याची खात्री झाली आहे का? नसल्यास सोनोग्राफी करावी का?

३. माझे हिमोग्लोबिन किती? रक्तगट कोणता?

४. माझे आजार व चालू औषधे पाहता गोळ्या योग्य, की दुसरी पद्धत?

५. मिसोप्रोस्टॉल किती, केव्हा आणि कसे घ्यायचे? ते लिहून द्याल का?

६. रात्री-अपरात्री त्रास झाल्यास कोणाला दूरध्वनी करायचा, कोणत्या रुग्णालयात जायचे?

७. फेरतपासणीची तारीख कोणती आणि गर्भनिरोधनाचे कोणते साधन मला योग्य?

या सात प्रश्नांची सरळ उत्तरे जेथे मिळतात, तेथेच गोळ्या घ्याव्यात. उत्तरांऐवजी उपदेश किंवा टाळाटाळ पदरी पडली, तर त्याच आठवड्यात दुसऱ्या पात्र डॉक्टरांकडे जावे.